गाडी माझी

अमेरिकेतल्या शॉमबर्गहून पश्चिमेला निघालं की आधी मॉल मागे पडतो, मग काचेच्या ऑफिसांच्या इमारती, आणि मग एकदम मका सुरू होतो. दोन्ही अंगांना मका आणि मधून सरळ रस्ता. त्र्यंबकला त्या सरळपणाची सवय व्हायला बरेच दिवस लागले. तो कऱ्हाडचा. रस्ता म्हटला की तो कुठेतरी वळणार, चढणार आणि चढल्यावर उतरणार, हे त्याने जन्मभर गृहीत धरलेलं.

बायको गेल्यावर संजीवने, त्याच्या मुलाने, त्याला इकडे आणलं. १९८५चा हा त्याचा इथला दुसरा उन्हाळा. संजीव दिवसभर ऑफिसात. सून सुलेखा नागपूरची, बोलायला मोकळी. रविवारी ती ताजी कणसं आणायला शेतांकडे जायची आणि सासऱ्यालाही गाडीत घालायची. "चला बाबा, टीव्हीलासुद्धा तुमचा कंटाळा आला असेल," म्हणायची.

त्या रविवारी कणसं विकायला मांडलेल्या टेबलामागे एका मोठ्या लाल कोठाराची दारं सताड उघडी होती. आत, सावलीत, एक जुनी लेलँड कॉमेट लॉरी उभी होती.

निळी. गोल दिवे, मधोमध दुभागलेली काच, पुढच्या जाळीवर इंग्रजी अक्षरं. त्र्यंबक कणसांची पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. ही गाडी त्याने आयुष्यभर पाहिली होती. समोरून. दांडीच्या अलीकडून.

कऱ्हाडच्या जकात नाक्यावर त्याची सगळी नोकरी झाली. लॉरी आली की पावती बघायची, दांडी वर करायची, लॉरी गेली की दांडी खाली. कॉमेट चालवायचा तो त्याचा थोरला भाऊ, पुरुषोत्तम. कऱ्हाड ते चिपळूण, मध्ये कुंभार्लीचा घाट. नाक्यावरून जाताना तो स्टिअरिंगवरची दोन बोटं नुसती उचलायचा. थांबायचा नाही. धाकटा भाऊ दांडी धरून उभा राहायचा आणि धूळ खाली बसेपर्यंत मान वर करायचा नाही.

"बाबा, बघायचीय का जवळून?" सुलेखाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली.

कोठारात आणखीही लॉऱ्या होत्या, एक फोडन, एक आल्बियन, आणि त्यांच्यामध्ये घडीच्या खुर्च्यांवर पाच-सहा म्हातारे थर्मासमधला चहा पीत बसले होते. कॉमेटचा मालक रॉय एन्टविसल इंग्लंडातल्या लँकेशरचा. उभी हयात त्याने अशाच लॉऱ्या चालवल्या होत्या आणि म्हातारपणी मुलीकडे इलिनॉयला येताना कॉमेट जहाजात घालून बरोबर आणली होती. शेजारी बसलेला अमेरिकन शेतकरी 'ट्रक' म्हणाला की रॉय बोट उगारायचा. लॉरी म्हण. ट्रक नाही.

हे ऐकून त्र्यंबकला हसू आलं. कऱ्हाडातली जुनी माणसंही लॉरीच म्हणत.

रविवारी जमायचं आणि जुन्या लॉऱ्यांच्या आठवणी सांगायच्या, एवढाच त्या मंडळाचा उद्योग. रॉयने शॅप नावाच्या डोंगरावरच्या हिमवादळाचं सांगितलं. केबिनला हीटर नाही, गुडघ्यांभोवती गोणपाट गुंडाळलेलं, काचेवर बर्फ धरू नये म्हणून अर्धा कांदा चोळलेला. सुलेखा भराभरा मराठीत सांगत होती. मग रॉयने कॉमेटचं दार उघडलं आणि त्र्यंबकला वर चढायची खूण केली.

वर डिझेलचा वास होता, तापून निवलेल्या तेलाचा, जुन्या रेक्झिनचा. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाचं पत्र्याचं झाकण. पुरुषोत्तम त्यावर भाकरी गरम करायचा.

"बाबा, ते विचारतायत, तुम्ही ही चालवलीय का?"

माझा भाऊ चालवायचा. वाक्य जिभेवर तयार होतं. खाली सुलेखा मान वर करून बघत होती, तिच्यामागे ती सगळी म्हातारी डोकी.

"हो," त्र्यंबक म्हणाला.

पुढचं सगळं पुरुषोत्तमचं होतं, शब्द न् शब्द. कुंभार्लीत धुकं उतरलं की दिव्यांचा उपयोग नसतो. मग दार उघडायचं, एक हात स्टिअरिंगवर ठेवायचा, अर्धं अंग बाहेर काढायचं आणि कडेचे चुना लावलेले दगड बघत उतरायचं. एक दगड चुकला तर दुसरा दिसत नाही. सुलेखाने हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा रॉय पायरीवर चढला, त्याने त्र्यंबकचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. निघताना एकाने त्याच्यासाठी एक खुर्ची वेगळी काढून भिंतीला लावली. पुढच्या रविवारची.

परतीच्या वाटेवर सुलेखा म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके छुपे रुस्तम असाल असं वाटलं नव्हतं. संजीव कधी बोललाच नाही."

संजीव त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन पुसत होता. बाप आलेला पाहून त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"सुलेखा सांगत होती. मी तिला काही बोललो नाही," तो म्हणाला. "पण बाबा, लॉरी काका चालवायचे. तुम्ही नाक्यावर होतात. हे करेक्ट नाही."

"गंमत रे जराशी."

"मग त्यांना सांगून टाका नेक्स्ट टाइम. मी आलो तर मला ऑकवर्ड होईल."

त्र्यंबक हो म्हणाला. पोटच्या पोराने सांगावं लागलं, याहून खाली जायला जागा नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी त्याने कऱ्हाडला फोन लावला. तिकडे तेव्हा दिवेलागण. पुरुषोत्तमच्या घराखालच्या औषधांच्या दुकानात फोन होता. पुतण्या गुरुदत्त बापाला हाताला धरून खाली आणायचा आणि स्टुलावर बसवायचा. पुरुषोत्तम पायांनी थकला होता, पण आवाज तोच, घाटात समोरच्याला हाळी देणारा.

त्र्यंबकने थट्टेवारी नेत सगळं सांगितलं. कोठार, रॉय, धुकं. आपण हो म्हणालो तेही.

पुरुषोत्तम एवढा हसला की त्याला खोकला आला. "माझी कॉमेट पार अमेरिकेला नेलीस की! अरे घे. मला आता काय करायच्यात त्या आठवणी? बसून बसून बूड झिजलं. तू सांग त्यांना. गाडी तुझी."

"बरं," त्र्यंबकही हसत म्हणाला. "गाडी माझी."

लाइनवर नुसती खरखर आली. फोन ठेवल्यावर त्याला आठवलं की हे शब्द थट्टेत कुणी म्हणत नसे.

पुरुषोत्तमच्या ट्रान्सपोर्टमध्ये लांबच्या खेपेला जोडीचे ड्रायव्हर असत. सुटणाऱ्याने स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचं, गाडी तुझी. बसणाऱ्याने हात ठेवून म्हणायचं, गाडी माझी. ते म्हटल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही, मग भूक लागो, झोप येवो. आणि एकदा म्हटलं की गाडीचं पुढचं-मागचं सगळं दुसऱ्याचं. मागच्या गावात कुणाची कोंबडी चिरडली असली तरी तीही त्याचीच.

त्र्यंबक विशीत असताना पुरुषोत्तमने त्याला ड्रायव्हर करायचं ठरवलं होतं. महिनाभर सपाटीवर शिकवलं आणि मग एका दुपारी कुंभार्लीच्या माथ्यावर गाडी उभी करून जागा बदलली. गाडी तुझी, म्हणाला. त्र्यंबकने हात ठेवला. समोर रस्ता वळून नाहीसा होत होता आणि त्याच्यापुढे नुसतं आभाळ होतं. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग हातही सुटले. तो सीटवरून घसरून खाली पायांपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला, आणि लेंगा ओला झाला. पुरुषोत्तमने वरून हँडब्रेक ओढला. ओढ्याचं पाणी आणून त्याने सीट धुतली, आपला धुतलेला लेंगा दिला, घरी सांगितलं की पोरगं पोटदुखीने परत आलं. त्यानंतर त्याने ही गोष्ट कधी काढली नाही. थट्टेतसुद्धा नाही. त्यानेच ओळख काढून धाकट्याला नाक्यावर चिकटवलं.

त्यामुळे 'गाडी माझी' हे त्र्यंबक आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला होता. फोनवर.

दुपारी कोठारात खुर्ची वाट बघत होती. खरं सांगून टाकायचं असं मनाशी घोकत तो बसला, आणि रॉयने कपात चहा ओतल्यावर त्याने घंटेची गोष्ट सांगितली.

चिपळूणकडच्या एका देवळासाठी नवी ओतलेली घंटा पुरुषोत्तमने कॉमेटमधून नेली होती. काथ्याने आवळून बांधली होती, तरी घाटातल्या प्रत्येक वळणावर ती वाजायची. गाडीच्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, आणि घंटा. एवढीच गोष्ट होती. पण सांगता सांगता त्र्यंबक पुढे बोलत गेला. मग मला ते सोसेना. मी खाली उतरलो, बायकोसाठी घेतलेल्या नव्या लुगड्याचा हिरवा काठ फाडला आणि घंटेचा लोळा गुंडाळून टाकला. हातात तो काठ दाटसर, खळीचा लागत होता.

सुलेखाने भाषांतर केलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्र्यंबकने मात्र कप खाली ठेवला. लुगड्याचं हे पुरुषोत्तमने त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मुद्दाम बनवून सांगितलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. खोटं एकदा सुरू झालं की त्याला पाय फुटतात.

पुढच्या फोनवर त्याने घंटेचा विषय काढला.

"घंटा?" पुरुषोत्तम म्हणाला. "कसली?"

"अरे देवळाची. वळणावळणाला वाजायची ती."

"असेल बाबा. तुला बरं आठवतं."

"आणि धुक्यात दार उघडून उतरायचास ते?"

"कोण, मी?" तो हसला, पण हसण्यात अंदाज घेणं होतं, अनोळखी माणसाशी हसावं तसं.

मग वहिनी बोलायला आली. सुमित्रावहिनीचा आवाज नेहमी तिखट, पण त्या दिवशी दबका होता. "भावजी, विसरायला लागलेत हल्ली. डॉक्टर म्हणतात, वय आहे."

"वहिनी, तुमचं एखादं हिरव्या काठाचं लुगडं होतं का?"

"होतं की. नवंकोरं आणलं आणि काठ फाटका. ट्रकच्या खिळ्याला लागून फाटलं म्हणाले होते. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्र्यंबक काहीतरी बोलला आणि त्याने फोन ठेवला. सुलेखा स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. बाहेर कुणाचा तरी पाण्याचा फवारा हिरवळीवर टिकटिक करत फिरत होता. सगळं जिथल्या तिथे होतं.

आंघोळ करताना त्याला डाव्या हाताच्या आतल्या बाजूला डाग दिसला. कोपराच्या खाली, लांबट, गुळगुळीत, जुन्या भाजण्याचा. बोट लावलं तर दुखत नव्हतं. कातडी केव्हाच भरून आलेली होती. असा डाग पुरुषोत्तमच्या हातावर होता. घाटात डुलकी लागून हात इंजिनाच्या झाकणावर पडला होता तेव्हाचा.

त्र्यंबक भाबडा नव्हता. नाक्यावर बसलेला माणूस भाबडा राहत नाही. म्हाताऱ्या माणसाला डाग पडतात, हे त्याला माहीत होतं. म्हातारी माणसं विसरतात, हेही. ऐकलेली गोष्ट आपण विसरतो आणि मग ती आतून आल्यासारखी वाटते, असंही होतं. यातलं एकेक घेतलं तर पटत होतं. सगळी एकत्र घेतली की पटत नव्हती.

तो थांबू शकत होता. रविवारी अंग दुखतंय म्हणाला असता तर सुलेखाने आग्रह केला नसता. पण शनिवारपासूनच त्याला ती भिंतीला लावलेली खुर्ची दिसायला लागायची. दांडीपाशी बसलेल्या माणसासाठी कुणी खुर्ची राखून ठेवत नाही. तो गेला, आणि माहीत असून त्याने आणखी एक आठवण सांगितली: उतारावर ब्रेक गेले तेव्हा डोंगराच्या अंगाला गाडी घासत घासत थांबवल्याची. सांगताना उजवा पाय आपोआप ताणला गेला. ऐकणाऱ्यांचे श्वास थांबले होते. त्याला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याला रात्रभर चावत राहिलं.

त्या आठवड्यात फोन गुरुदत्तने घेतला.

"काका, बाबांचं काही कळत नाही. सकाळी डबा मागतात आणि काठी टेकत निघतात. मी म्हटलं, कुठे? तर म्हणे नाक्यावर. उशीर झाला तर साहेब बोलतील म्हणे."

"नाक्यावर?"

"हो ना. तिथे आता काही नाही, नुसता खांब आहे. त्याच्यापाशी उभे राहतात. गाडी आली की हात वर करतात. आणि काका," गुरुदत्तचा आवाज खाली आला, "मान वर करत नाहीत. लोक हसतात."

"त्याला दे फोन."

"बोलायला लाजतात. नको म्हणतात."

भावाला लाजताना त्र्यंबकने कधी पाहिलं नव्हतं. भावाला लाज कशी असते हेच त्याला माहीत नव्हतं. आपली लाज मात्र त्याला पाठ होती, तिचं वजन, तिची वास मारणारी ओल. ती कुणीतरी मधूनमधून उचलून नेतंय असं त्याला वाटलं, आणि तो भाऊच, हे त्याच क्षणी कळलं.

त्याने ठरवलं. सगळ्यांसमोर सांगायचं. गाडी ज्याची त्याला द्यायची.

सप्टेंबरात मंडळाचा मेळावा होता. मका वाळून पिवळा पडला होता आणि वारा आला की कागदासारखा वाजत होता. लांबलांबची माणसं आली होती, कोठाराबाहेर लॉऱ्या ओळीने उभ्या होत्या. त्र्यंबकने संजीवला मुद्दाम बरोबर घेतलं. खरं काय ते माहीत असलेला इथे तो एकटाच होता. भाषांतर त्यानेच करायचं.

रॉयने सगळ्यांना गोळा केलं आणि त्र्यंबकला पुढे बोलावलं. त्र्यंबकने मुलाचा दंड धरला.

"सांग यांना. म्हणावं, मी खोटं बोललो. लॉरी माझा भाऊ चालवायचा. मी नाक्यावर होतो, दांडी वर करायला."

संजीव त्याच्याकडे बघत राहिला. "बाबा, काय बोलताय?"

"सांग. तूच म्हणाला होतास, करेक्ट नाही."

"मी? मी कधी म्हणालो?" संजीवने सुलेखाकडे पाहिलं, मग आवाज हळू केला. "बाबा, काका होते नाक्यावर. दांडी तेच वर करायचे. मी तुमच्या शेजारी बसलेलो असायचो ना सुट्टीत. तुम्ही असे जाता जाता..."

त्याने हात पुढे धरला, जणू समोर स्टिअरिंग आहे, आणि दोन बोटं उचलली.

"काका बिचारे वर बघायचे पण नाहीत," तो म्हणाला.

सुलेखा हसून रॉयला काहीतरी म्हणाली. बाबा लाजतायत, असंच असणार. लोक हसले. प्रेमानेच. रॉयने कॉमेटचं दार उघडून धरलं आणि झुकून हात केला. चला, एक फेरी.

आता बरं झालं, असं त्र्यंबकला वाटलं. आता कळेल सगळ्यांना. हात लटपटू देत. गाडी बंद पडू दे. हवं तर पुन्हा तसंच होऊ दे, एवढ्या माणसांत.

तो वर चढला. इंजिन लागलं, आणि झाकणाखालची धग डाव्या हाताच्या डागाला जाऊन भिडली.

पायाने क्लच दाबला. गिअर काढला, क्लच सोडला, इंजिनाला रेस दिली, पुन्हा दाबला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला.

मक्याच्या कडेने त्याने कॉमेट नेली, वळवली, आणली.

टाळ्या चालू होत्या. रॉय डोळे पुसत होता.

त्र्यंबक स्टिअरिंग धरून बसून राहिला. हात काढता येत नव्हते. कुणाला काय म्हणून काढायचे, हेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, संजीव कामावर गेल्यावर, त्याने फोन लावला. बराच वेळ वाजला. मग गुरुदत्तने बापाला आणून स्टुलावर बसवल्याचा आवाज आला.

"दादा," त्र्यंबक म्हणाला. "ऐक माझं. गाडी तुझी."

खरखर.

"ऐकू येतंय ना? गाडी तुझी. तू म्हण, गाडी माझी. एवढंच म्हण."

"नको रे," पुरुषोत्तम म्हणाला.

आवाज त्याचाच होता. फक्त हाळी देणारा राहिला नव्हता. दुकानात कुणी ऐकू नये असा बोलत होता.

"म्हण एकदा, दादा."

"मला नाही चालवता यायची. तुला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

उत्तर आलं ते आणखी हळू, रिसीव्हरला तोंड लावून:

"तू कुणाला बोलला नाहीस. घरी पोटदुखी म्हणून सांगितलंस. सीट धुतलीस, आपला लेंगा मला दिलास. मी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण तू नाक्यावरून जायचास ना, बोटं उचलून, तेव्हा रोज आठवायचं. मान वर व्हायची नाही बघ. अजून होत नाही."

त्र्यंबकने डोळे मिटले. त्या दुपारचा शोध घेतला. ओलं कापड, पायांपाशी लोखंडाचा गारवा, पोटाशी घेतलेले गुडघे.

सापडलं ते वेगळंच होतं. हातात स्टिअरिंग, समोर वळणारा रस्ता. आणि खाली, पायांपाशी, पुरुषोत्तम. वर बघणारे त्याचे डोळे.

इतक्या वर्षांची ती ओल कुठे गेली म्हणून त्याने आत आत चाचपलं. तिथे कोरडं होतं. डिझेलचा थोडा वास येत होता.

"या वयातही लाज वाटते रे," पलीकडून आवाज आला. "बरं, ठेवतो. गिऱ्हाईक आलंय दुकानात. प्रकृतीला जप, दादा."

"हो," त्र्यंबक म्हणाला.